लहान कार्यालयाचे दूरध्वनी केंद्र : योजना, उभारणी आणि निगा

नागरिक आणि कार्यालय यांचा पहिला संबंध पुष्कळदा प्रत्यक्ष भेटीने येत नाही, तो दूरध्वनीच्या घंटेने येतो. त्या घंटेला उत्तर मिळाले की नाही, यावरून ते कार्यालय आपले आहे की परके, हे मनुष्य मनाशी ठरवून टाकतो. म्हणून दूरध्वनीची व्यवस्था ही केवळ तारा आणि यंत्रे यांची बाब नाही, तर ती कार्यालयीन शिस्तीची बाब आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त एका लहान कार्यालयात प्रस्तुत लेखकाला दुपारभर बसावे लागले. शेजारच्या कुलूपबंद खोलीत दूरध्वनी सारखा वाजत होता. त्या खोलीतील लेखनिकाची बदली झाली होती आणि नवा माणूस अद्याप रुजू व्हायचा होता. शिपायाला विचारले असता तो म्हणाला, "ते नेहमीच वाजते, साहेब." तासाभराने एक वृद्ध गृहस्थ धापा टाकीत आले. ते म्हणाले, "सकाळपासून मीच फोन लावत होतो. कुणी उचलीना, म्हणून दोन गाड्या बदलून आलो." त्यांचे काम दोन मिनिटांचे होते. कार्यालयात यंत्र चांगले होते, लाइन चालू होती आणि देयकही वेळेवर भरलेले होते. 'येथे कोणी नसेल तर घंटा कोठे जावी?' एवढाच प्रश्न मात्र कोणी कधी विचारला नव्हता. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मध्यवर्ती ठेवून, लहान कार्यालयाचे दूरध्वनी केंद्र कसे उभारावे, याची माहिती क्रमाने दिली आहे. उदाहरण म्हणून ग्रामीण भागातील एक प्राथमिक आरोग्य केंद्र कल्पिले आहे. शाळा, पंचायत किंवा सहकारी संस्था यांनाही तेच नियम थोड्या फरकाने लागू पडतील.

मोबाइल असताना केंद्र कशासाठी?

आज बहुतेकांच्या हाती मोबाइल असताना ही यातायात कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, मोबाइलचा क्रमांक व्यक्तीचा असतो आणि कार्यालयाचा क्रमांक पदाचा असतो. अधिकाऱ्याची बदली झाली की त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो. कार्यालयाचा क्रमांक मात्र गावाच्या स्मरणात राहतो, भिंतीवर लिहिता येतो आणि शाळेच्या वहीत मुलांना उतरवून घेता येतो. शिवाय एका क्रमांकावर आलेला निरोप नोंदणी, औषधालय, प्रयोगशाळा अशा योग्य ठिकाणी वळविण्याची सोय लहानशा केंद्राने होते.

अशा केंद्राला कार्यालयांमध्ये ईपीएबीएक्स या नावाने ओळखले जाते. बाहेरून येणाऱ्या मोजक्या लाइनी आतील अनेक यंत्रांमध्ये वाटून देणे आणि आतील यंत्रे एकमेकांशी विनामूल्य जोडणे, ही त्याची दोन मुख्य कामे होत.

थोडी पूर्वपीठिका

भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांत १८८२ साली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्या काळी जोडणी माणसाच्या हाताने होत असे. अमेरिकेतील अल्मन स्ट्राउजर या अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने १८९१ मध्ये स्वयंचलित केंद्राचे पेटंट मिळविले. आपल्या खेड्यांपर्यंत मात्र चांगली स्वयंचलित केंद्रे पोहोचण्यास फार काळ लागला. परदेशी बनावटीची मोठी केंद्रे वातानुकूलित इमारतींसाठी घडविलेली असत. आपल्याकडील धूळ, उष्मा आणि अनियमित वीज यांत त्यांचा टिकाव लागणे कठीण होते.

ही अडचण ओळखून केंद्र शासनाने १९८४ साली 'सी-डॉट' ही संशोधन संस्था स्थापन केली. तिच्या उभारणीत प्रमुख वाटा असलेले सॅम पित्रोदा हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी होत. वातानुकूलनावाचून चालणारे, १२८ जोडण्यांची क्षमता असलेले ग्रामीण केंद्र या संस्थेने तयार केले आणि १९८६ साली ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे कार्यान्वित झाले. यंत्र गावाच्या परिस्थितीला साजेसे असावे, गावाने यंत्रासाठी खोळंबू नये, हा या प्रयोगाचा धडा होय. लहान कार्यालयानेही तोच ध्यानात ठेवावा.

पहिली पायरी : कागदावरील आराखडा

बाजारात जाण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा. त्यावर इमारतीचा साधा नकाशा काढून प्रत्येक खोलीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : तेथे यंत्र हवे काय, ते कोण उचलील, आणि तो मनुष्य नसेल तर कोण उचलील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या खोलीबाबत मिळत नाही, तेथे बाहेरची घंटा थेट पाठवू नये.

आपल्या कल्पित आरोग्य केंद्रात आठ यंत्रे लागतात असे मानू : नोंदणी खिडकी, वैद्यकीय अधिकारी, बाह्यरुग्ण कक्ष, प्रसूती कक्ष, औषधालय, प्रयोगशाळा, कार्यालय, आणि पहारेकऱ्याची खोली. रुग्णवाहिकेचा चालक रात्री या शेवटच्या खोलीतच असतो.

दुसरी पायरी : बाहेरच्या लाइनी किती?

हा निर्णय अंदाजाने न करता गणिताने करता येतो. डेन्मार्कचे गणिती ए. के. अर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे गणित मांडले. प्रथम दिवसातील सर्वांत गर्दीचा तास शोधावा. आठवडाभर वहीत नोंद ठेवली म्हणजे तो सापडतो. समजा, सकाळी दहा ते अकरा या वेळात येणारे-जाणारे मिळून १२ फोन होतात आणि प्रत्येक संभाषण सरासरी ३ मिनिटे चालते. म्हणजे त्या तासात ३६ मिनिटे बोलणे होते.

तासाची मिनिटे ६० आणि बोलणे ३६ मिनिटांचे, तेव्हा एक लाइन पुरे, असे वरवर वाटते. परंतु लोक आपसांत ठरवून एकामागून एक फोन करीत नाहीत. अर्लांग यांच्या सूत्राप्रमाणे हिशेब केला असता असे दिसते की, एकच लाइन असेल तर दर आठ फोनांपैकी तीन फोनांना ती व्यस्त मिळेल. दोन लाइनी असतील तर शंभरांत सुमारे दहांना आणि तीन लाइनी असतील तर शंभरांत सुमारे दोघांना तसा अनुभव येईल. शाळेला कदाचित दोन लाइनी पुरतील. आरोग्य केंद्राने मात्र तीन घ्याव्यात, कारण व्यस्त लाइन ऐकणाऱ्या त्या दहांपैकी एखाद्याच्या घरी प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या असू शकतात.

लहान केंद्राच्या पेटीची क्षमता सामान्यतः दोन आकड्यांनी सांगितली जाते. पहिला आकडा बाहेरच्या लाइनींचा व दुसरा आतील जोडण्यांचा असतो. आज आठ यंत्रे लागत असली, तरी तीन लाइनी व बारा जोडण्यांची पेटी घ्यावी. उद्या एखादा कक्ष वाढला तर सारी पेटी बदलण्याचा प्रसंग येऊ नये.

तिसरी पायरी : जागा, तारा आणि विजेपासून संरक्षण

पेटी कोरड्या, हवेशीर आणि कुलूप लावता येईल अशा जागी, भिंतीवर छातीच्या उंचीवर बसवावी. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ओल चढणारी भिंत टाळावी. सर्व तारा प्रथम एका वितरण पेटीत आणून तेथून केंद्राशी जोडाव्यात. त्यायोगे पुढे दोष शोधणे सुलभ होते.

साध्या दूरध्वनीला तारांची एकच जोडी लागते, पण प्रत्येक खोलीत दोन जोड्या ओढाव्यात. एक तुटली तर दुसरी कामास येते. या तारा विजेच्या तारांना समांतर व खेटून नेऊ नयेत, अन्यथा संभाषणात गुणगुण ऐकू येते. जेथे त्या ओलांडणे भाग असेल तेथे काटकोनात ओलांडाव्यात. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना खोलीचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. हे काम अर्ध्या तासाचे असले, तरी पुढील दहा वर्षे उपयोगी पडते.

यंत्र ठेवलेले असताना जोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. घंटा वाजताना मात्र सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. म्हणून पेटी चालू असताना उघड्या तारांना हात लावू नये.

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आकाशातील वीज अशा केंद्रांचे फार नुकसान करते. तांब्याच्या तारेने येणाऱ्या प्रत्येक लाइनीवर वीजसंरक्षक बसवावा आणि त्याचे अर्थिंग जाड व शक्य तितक्या आखूड तारेने जमिनीत न्यावे. अर्थिंगवाचून बसविलेला संरक्षक निरुपयोगी असतो. एका इमारतीतून दुसरीकडे जाणारी तार झाडांवरून न नेता जमिनीखालून नळीतून न्यावी.

चौथी पायरी : वीज गेल्यावर काय?

जुन्या तांब्याच्या लाइनीला लागणारा विद्युत्प्रवाह दूरध्वनी केंद्रातील बॅटरीतून तारेनेच येत असे. म्हणून गावात अंधार असला तरी साधा फोन चालत असे. आता पुष्कळ ठिकाणी काचतंतूंच्या म्हणजे फायबरच्या जोडण्या आल्या आहेत. काचेतून प्रकाश येतो, विद्युत्प्रवाह येत नाही. कार्यालयातील मोडेमची वीज गेली की लाइनही मुकी होते. हा फरक अनेकांच्या ध्यानात वादळाच्या रात्रीच येतो.

यास्तव केंद्राची पेटी व मोडेम या दोहोंना बॅटरीचा आधार द्यावा. हिशेब सोपा आहे. दोन्हींना मिळून ४० वॅट लागतात असे मानू. १२ व्होल्ट व ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॅट-तास ऊर्जा असते. बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिला हानिकारक असल्याने आणि थोडी ऊर्जा वाया जात असल्याने त्यातील निम्मीच उपयोगी धरावी. म्हणजे २४० वॅट-तास भागिले ४० वॅट, अर्थात सहा तास. रात्रभर वीज जाण्याचा अनुभव असेल तर बॅटरी दुप्पट घ्यावी. संगणक, पंखा अथवा छपाईयंत्र या बॅटरीवर जोडण्याचा मोह टाळावा.

पाचवी पायरी : क्रमांकांची रचना

आतील क्रमांक मनाला येतील तसे देऊ नयेत. सामान्य प्रघात असा की, ० दाबला असता बाहेरची लाइन मिळते आणि ९ दाबला असता मुख्य टेबल मिळते. १०१, १०८, ११२ यांसारखे तातडीचे क्रमांक १ ने सुरू होतात, म्हणून १ हा अंकही मोकळा ठेवावा. आपल्या उदाहरणात २१ ते २८ हे क्रमांक वर दिलेल्या क्रमानेच द्यावेत. म्हणजे २१ नोंदणी, २४ प्रसूती कक्ष, २७ कार्यालय, २८ पहारेकरी असे होईल. अधिकारी बदलला तरी कक्षाचा क्रमांक बदलू नये. यंत्राजवळील तक्त्यावरही व्यक्तीचे नाव न लिहिता कक्षाचे नाव लिहावे.

सहावी पायरी : केंद्राला द्यावयाच्या सूचना

लहान केंद्राला सूचना देण्याचे काम बहुधा पहिल्या आतील यंत्रावरून, माहितीपुस्तिकेतील सांकेतिक अंक दाबून अथवा संगणक जोडून करता येते. सांकेतिक अंक निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे असतात, परंतु ठरवावयाच्या गोष्टी सर्वत्र त्याच असतात.

पहिली गोष्ट, दिवसाची घंटा. बाहेरून आलेला फोन प्रथम २१ वर वाजावा. पाच घंटांत, म्हणजे सुमारे पंधरा सेकंदांत तो उचलला न गेल्यास २७ वर जावा. २१ व्यस्त असल्यास न थांबता २७ वर जावा.

दुसरी गोष्ट, रात्रीची घंटा. कार्यालय बंद झाल्यावर बाहेरचा फोन २४ व २८ या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाजावा, कारण तेथे रात्री जागे माणूस असते. बदल ठरावीक वेळी आपोआप होईल अशी सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास शेवटी निघणाऱ्याने तो करावा आणि वहीत सही करावी.

तिसरी गोष्ट, तातडीचे क्रमांक. घाबरलेला मनुष्य आधी ० दाबण्याचे विसरतो. म्हणून कोणत्याही यंत्रावरून १०८ व ११२ हे क्रमांक ० सह व ० शिवाय अशा दोन्ही प्रकारे लागतील, अशी सूचना द्यावी. कोणत्याही बंधनातून हे क्रमांक वगळावेत.

चौथी गोष्ट, बाहेर बोलण्यावरील बंधने. पूर्वी खर्च वाचविण्यासाठी परगावचे फोन बंद करण्याचा प्रघात होता आणि त्यासाठी ० ने सुरू होणारे सर्व क्रमांक रोखले जात. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइल लावताना आधी ० लावणे आवश्यक झाले आहे. म्हणजे आतील यंत्रावरून एक ० लाइनीसाठी, दुसरा ० मोबाइलसाठी आणि नंतर दहा अंक, असा क्रम झाला. जुने बंधन तसेच राहिले असेल तर रुग्णाच्या नातेवाइकाला मोबाइल लागणारच नाही आणि दोष लाइनीला दिला जाईल. म्हणून हे बंधन काढून केवळ परदेशी क्रमांक, म्हणजे लाइन घेतल्यानंतर ०० ने सुरू होणारे, रोखावेत.

पाचवी गोष्ट, ध्वनिमुद्रित स्वागत. ते ठेवावयाचेच असेल तर थोडक्यात आणि लोकांच्या भाषेत ठेवावे. गोव्यात ते कोकणीत व मराठीत असणे इष्ट. तीनांहून अधिक पर्याय देऊ नयेत. ज्याने काहीच दाबले नाही, त्याचा फोन तोडू नये, तो माणसाकडे पोहोचवावा. वृद्ध मनुष्य अंक दाबीत बसत नाही, तो केवळ "हॅलो" म्हणत राहतो.

संगणकीय जाळ्यावरील केंद्र

अलीकडे आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते संगणकाच्या जाळ्यातून पाठविणारी केंद्रेही लहान कार्यालयांत आली आहेत. त्यांना आयपी केंद्रे म्हणतात. त्यांत सूचना संगणकावरून देणे सोपे जाते आणि एकाच तारेने यंत्राला वीज व आवाज दोन्ही देता येतात. एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ९० किलोबिट एवढीच क्षमता लागते, म्हणून जाळ्याच्या वेगापेक्षा त्याचा स्थिरपणा अधिक महत्त्वाचा असतो. जाळ्यात आवाजाला इतर कामांपेक्षा अग्रक्रम द्यावा, नाही तर कोणी मोठी चित्रफीत उघडताच बोलणे तुटक होते.

अशा केंद्रांत एक धोका विशेष आहे. अनेक ठिकाणी २१ या यंत्राचा संकेतशब्दही २१ असाच ठेवलेला असतो. दूरवरचा लबाड मनुष्य तो हेरून रात्रीच्या रात्री परदेशी फोन करतो आणि देयक कार्यालयाच्या माथी येते. म्हणून कारखान्यातून आलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा, प्रत्येक यंत्राला निराळा व लांब संकेतशब्द द्यावा, आणि केंद्र बाहेरच्या इंटरनेटला थेट उघडे ठेवू नये. साध्या केंद्रातही सूचना बदलण्याचा गुप्त क्रमांक तसाच राहू देऊ नये. जेथे जाणकार मनुष्य जवळ नाही, तेथे साधे केंद्र घेण्यात कमीपणा मानू नये.

सातवी पायरी : चाचणी आणि हस्तांतरण

बसविणारा कारागीर "सर्व चालू आहे" असे म्हणाला म्हणजे काम पुरे झाले असे मानू नये. त्याच्या समक्ष पुढील चाचण्या घ्याव्यात. प्रत्येक यंत्रावरून दुसऱ्या प्रत्येक यंत्राला फोन लावावा. बाहेरून फोन करून २१ मुद्दाम उचलू नये आणि घंटा २७ वर जाते का, ते पाहावे. तिन्ही लाइनींवर एकदम बाहेरून फोन करावा. रात्रीची व्यवस्था चालू करून पुन्हा फोन करावा. शेवटी मुख्य वीज बंद करून हेच सर्व पुन्हा करावे. तातडीच्या क्रमांकाची चाचणी एकदाच आणि थोडक्यात घ्यावी. पलीकडच्या व्यक्तीला ही चाचणी असल्याचे प्रथमच सांगावे.

यानंतर एक वही तयार करावी. तीत तारांचा नकाशा, क्रमांकांचा तक्ता, दिलेल्या सूचना आणि बॅटरी बसविल्याची तारीख लिहावी. संकेतशब्द मात्र बंद लखोट्यात कार्यालयप्रमुखाच्या कपाटात ठेवावा. बदलीच्या वेळी चाव्यांबरोबर ही वही आणि लखोटाही पुढच्या माणसाच्या स्वाधीन करावा. महिन्यातून एकदा, शक्यतो पहिल्या सोमवारी, कोणीतरी बाहेरून स्वतःच्याच कार्यालयाला फोन करावा आणि किती घंटांनी उत्तर मिळते ते वहीत नोंदवावे.

शिक्षकांनी हा धडा विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घेण्यासारखा आहे. शाळेचा नकाशा काढणे, आठवड्याच्या फोनांची नोंद ठेवणे, गर्दीचा तास शोधणे व बॅटरीचा हिशेब करणे यांत गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय येतात. ग्रामस्थांनीही आपल्या पंचायतीचा किंवा आरोग्य केंद्राचा क्रमांक रात्री लागतो काय, याची चौकशी करण्यास संकोचू नये. तो त्यांचा अधिकार आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या कुलूपबंद खोलीकडे जाता जाता पुन्हा वळू. तेथे नवे यंत्र नको होते आणि अधिक खर्चही नको होता. पाच घंटांनंतर फोन शेजारच्या टेबलावर जावा, एवढी एकच सूचना केंद्राला दिली असती, तर त्या वृद्ध गृहस्थांचे दोन गाड्यांचे हेलपाटे वाचले असते. आपल्या कार्यालयातील केंद्रात ती सूचना आहे काय, हे आजच पाहून घ्यावे.